घरात मराठी, गल्लीत कोकणी: मुलगी नेमकी कुठली?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे गृहस्थ मूळचे गडहिंग्लजकडचे, वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीत नोकरीला, वास्कोत भाड्याने राहतात. मुलगी गोव्यातच जन्मली, आता इंग्रजी माध्यमात तिसरीत आहे. घरात मराठी, खालच्या पोरांत कोकणी, जिन्यात हिंदी. दिवाळीला गावी गेल्यावर तिने आजोबांना "तू चहा घेतलास?" असं विचारलं आणि घर गप्प झालं. आजी म्हणाली, पोरगी गोव्याची झाली. इकडे गाडी लावण्यावरून शेजाऱ्याशी बाचाबाची झाली तेव्हा ह्यांना "घाटी" ऐकावं लागलं. म्हणून ते विचारतात: मुलीची ओळख नेमकी कोणती धरायची? घरात कोकणी-हिंदी बंद करावी का? शाळा विचारते आहे तर विषय मराठी घ्यावा की कोकणी? देवळात आरत्यासुद्धा मराठीत असताना मराठी माणसाला गोवा परका का मानतो? आणि जनगणनेवाले आले तर मातृभाषा कोणती सांगायची?

मी कुठे उभी राहून बोलते ते आधी सांगते. जन्म फोंडा तालुक्यातला. घरात अंत्रुजी, म्हणजे फोंड्याकडची, कोकणी, पाटीवर पहिल्या दिवसापासून मराठी. निवृत्त होईपर्यंत सरकारी मराठी प्राथमिक शाळांत शिकवलं, आधी डिचोलीकडे आणि मग मुरगाव तालुक्यात; नंतर बहुभाषक वर्ग कसा सांभाळावा ह्यावर शिक्षकांची प्रशिक्षणं घेतली. त्यामुळे तुमच्या मुलीसारखी मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत, आणि तुमच्यासारखे वडीलही.

आरत्यांपासून सुरुवात करू, कारण गोव्यात आलेल्या मराठी माणसाची पहिली गफलत तिथेच होते. आमच्या बहुतेक हिंदू घरांत गेल्या कित्येक पिढ्यांची वाटणी अशी आहे की बोलायचं कोकणीत. आणि आरती, भजन, पोथी, वर्तमानपत्र, लग्नपत्रिका, जत्रेतलं नाटक मराठीत. पोर्तुगीज राजवटीत गावकऱ्यांनी स्वतःच्या खर्चाने शाळा चालवल्या त्या मराठीच्या. मुक्तीनंतर १९६३ साली भाऊसाहेब बांदोडकरांचं सरकार आलं आणि गावोगाव प्राथमिक शाळा निघाल्या, त्याही मुख्यतः मराठीच्या. म्हणजे माझ्या पिढीला अक्षर मराठीने दिलं. पण ह्या मराठीने आम्ही महाराष्ट्राचे झालो नाही. ती आमची गोव्याचीच मराठी आहे. तुम्ही देवळात "सुखकर्ता दुःखहर्ता" ऐकता आणि तुम्हाला वाटतं, आपलीच माणसं. बाहेर पडून नारळाचा भाव विचारता तर उत्तर कोकणीत येतं, आणि ते मुद्दाम आल्यासारखं वाटतं. मुद्दाम काही नसतं. ती त्या बाईची रोजची भाषा आहे.

आता ह्यावर राजकारणाचे थर बसले आहेत, ते ठाऊक असलेले बरे. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला: महाराष्ट्रात विलीन व्हायचं की संघप्रदेश म्हणून वेगळं राहायचं. वेगळं राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ मतं पडली, विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. फरक ३४ हजारांचा. घराघरांत, भावाभावांत ह्यावरून फूट पडलेली. त्या दिवसापासून कोकणी म्हणजे वेगळा गोवा आणि मराठी म्हणजे विलीनीकरण असं समीकरण पुष्कळांच्या डोक्यात बसलं, जरी प्रत्यक्षात मतदान इतकं सरळ भाषेवर झालेलं नव्हतं. पुढे राजभाषेचं आंदोलन पेटलं, माणसं दगावली, आणि फेब्रुवारी १९८७ मध्ये कायदा झाला: देवनागरीतली कोकणी ही राजभाषा, आणि मराठी सरकारी कामकाजात वापरता येईल. त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा राज्य झालं. १९९२ मध्ये कोकणी घटनेच्या आठव्या परिशिष्टात गेली. मराठीलाही राजभाषेचा दर्जा द्या ही मागणी आजही चालू आहे, आणि ती करणारे बहुतेक अस्सल गोमंतकीय आहेत.

हे सगळं सांगायचं कारण एकच. "कोकणी म्हणजे मराठीचीच बोली ना?" हे वाक्य कोल्हापुरात चहावरचं निरुपद्रवी वाक्य असेल. वास्कोत ते उच्चारलं की ऐकणाऱ्याच्या कानात १९६७ वाजतं. आमच्या घरातलं हे भांडण आहे, आम्ही ते आपसांत मोठ्या आवाजात करतो. बाहेरून आलेल्याने त्यात पक्ष घेतला की दोन्ही पक्षांना तो खटकतो. तुम्ही तुमच्या पत्रात दोनदा "शेवटी एकच भाषा" असं लिहिलंत. ते बोलणं सोडलंत तर निम्मं काम होईल.

राहिला "घाटी" हा शब्द. तो अपमानासाठीच वापरला जातो आणि त्याचं समर्थन मी करणार नाही. पण तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला टोचलं: "कानडी मजुरांना म्हणतात ते एक वेळ ठीक, पण आम्हालाही?" त्यात काय ठीक? घाट उतरून आलेला प्रत्येक जण घाटी, मग तो बेळगावचा असो, विजापूरचा असो की गडहिंग्लजचा; ह्या शिवीला तुमचा पगार आणि पदवी दिसत नाही, तुमचं दुःख तेवढंच आहे. आणि गडहिंग्लजच्या आठवडा बाजारात कानडी किती ऐकू येते ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. गोव्यात आल्यावर मात्र आपण "मराठी" म्हणून वेगळी रांग हवी, असं वाटू लागतं. स्थलांतराने ओळख बदलते म्हणतात ती अशी. गावी असताना माणूस अमक्या गल्लीचा, तमक्याचा मुलगा असतो. तिथे "मी मराठी" हे वाक्य उच्चारायची वेळच येत नाही. ती ओळख इथे येऊन तयार होते, आणि बहुतेक वेळा कुणाला तरी आपल्या खाली ठेवून.

बाहेरून आलेल्यांतही उतरंड आहे, आणि ती बरीचशी भाषेवर ठरते. सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ल्याचा माणूस पेडण्यात किंवा म्हापशात आला तर दोन वाक्यांत मिसळतो. मालवणी आणि पेडण्याची कोकणी ह्यांत अंतर थोडं, सोयरिकी तर कधीपासूनच्या. त्याला कुणी घाटी म्हणत नाही, घाट मध्ये नाहीच. तुमची जागा त्याच्या नंतरची: भाषा समजते, पण तोंड उघडलं की घाटमाथा ऐकू येतो. त्यानंतर कानडी, मग उत्तरेकडून आलेले हिंदी बोलणारे. मात्र गंमत अशी की ज्याची भाषा सर्वांत लांबची, तो पुष्कळदा कोकणी सर्वांत लवकर शिकतो. त्याला पर्यायच नसतो. वास्कोजवळच्या बैना नाहीतर झुआरीनगर वस्तीतल्या लमाणी बायका बाजारात कोकणीत जी घासाघीस करतात ती ऐका. तुमची अडचण उलटी आहे: तुमची मराठी इथे सगळ्यांना समजते. दुकानदाराला, डॉक्टरला, कंडक्टरला, शाळेतल्या शिपायाला. म्हणून इतकी वर्षं राहून तुम्हाला कोकणीत एक पुरं वाक्य बोलावं लागलेलं नाही. ह्या सोयीनेच तुम्हाला बाहेर ठेवलंय.

भाषा आणि राहण्याचा इरादा ह्यांचा संबंध ह्या विषयातल्या एका जुन्या अभ्यासाने फार नेमका दाखवला. विल्यम लबॉव्ह ह्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९६१ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या मार्थाज व्हिनयार्ड नावाच्या बेटावर लोकांचे उच्चार टिपले. बेट आपल्यासारखंच: उन्हाळ्यात पर्यटकांची झुंबड, बाहेरचे घरं विकत घेताहेत, मासेमारीचा जुना धंदा मंदावलेला. त्याला आढळलं की काही स्वरांचा खास बेटावरचा उच्चार तिशी-चाळिशीतल्या लोकांत नाहीसा न होता वाढतो आहे. आणि तोही सगळ्यांत नाही. ज्यांनी आपलं आयुष्य बेटावरच काढायचं ठरवलंय त्यांच्यात तो ठळक, ज्यांना बाहेर पडायचंय त्यांच्यात फिका. वय, शिक्षण, धंदा ह्यांपेक्षा "मी इथला" ही भावना उच्चारात जास्त दिसली.

गोव्यातही हे दोन्ही अंगांनी चालू आहे. किनाऱ्यावर बाहेरची वस्ती जशी वाढते तशी आमच्या तरुणांची कोकणी आग्रही होते. पूर्वी कोकणीची लाज वाटणाऱ्या घरांतली मुलं आता कोकणीतून रील काढतात. आणि आलेल्यांमध्ये ज्यांचं मन गावाकडच्या घराच्या स्लॅबवर आहे त्यांची कोकणी "किदें, कितलें, जाय, नाका" (काय, किती, हवं, नको) ह्या चार शब्दांवर थांबते. माझ्याकडे पालक आले की मुलाच्या भाषेबद्दल बोलण्याआधी मी विचारत असे, निवृत्तीनंतर कुठे राहणार? नवरा-बायकोची उत्तरं वेगळी यायची, आणि मूल त्या दोन उत्तरांच्या मध्ये सापडलेलं असायचं. तुम्ही पत्नीशी हे बोललात का? तुम्हीच लिहिलंय की त्या मासळी बाजारात फर्डी कोकणी बोलतात. म्हणजे तुमच्या घरातलं एक माणूस कधीच इथलं झालंय, आणि मुलगी त्यांच्यामागून चालली आहे. परकेपणाचा प्रश्न मुलीचा म्हणून आलाय खरा, पण मला तो मुख्यतः तुमचा दिसतो.

आता "तू चहा घेतलास?" ह्याबद्दल. पुष्कळ कोकणी घरांत आईवडिलांना, आजीआजोबांना, मोठ्या भावंडांना तूं म्हणतात. त्यात उर्मटपणा नाही, जवळीक आहे. मासळीवाली तुम्हालाही "तूं किदें व्हरता?" (तू काय नेतोस?) असं विचारते, आणि मराठी कानाला पहिली काही वर्षं ते झोंबतं. तुमच्या मुलीने गल्लीतला नियम गडहिंग्लजला लावला, एवढंच झालं. सहा-सात वर्षांचं मूल कुठे कोणता नियम हे सहज शिकतं, पण ते कुणी तरी सांगावं लागतं. "गोव्याची झालीस" असं म्हटलं तर मूल नियम शिकत नाही, आपण काहीतरी चूक आहोत एवढंच शिकतं. "आजोबांना आपण तुम्ही म्हणतो, इथे तूं चालतं" हे एका वाक्यात सांगा. पुढच्या दिवाळीला बघा.

आजीची दुसरी तक्रार मला फार मोलाची वाटली, तुम्ही ती ओझरती लिहिली आहे: "पोरगी पुस्तकासारखं बोलते." तुमच्या भागात बायकाही सर्रास "मी आलो, मी गेलो" म्हणतात. मुलगी "मी आले" म्हणते, कारण पुस्तकात ते आहे आणि कोकणीतही "हांव आयलें" आहे. म्हणजे प्रमाण मराठीच्या हिशेबाने तिचं मराठी बिघडलेलं नाही; उलट तपासनीस खूश होईल असं आहे. हरवलं आहे ते गडहिंग्लजचं बोलणं: ते हेल, ते "लई" आणि "नव्हं", कानडीच्या अंगाने जाणारी वाक्यं. बाहेर पडलेल्या बहुतेक मराठी घरांत हेच होतं. आईबाप "मराठी टिकवायची" म्हणून पुस्तकी मराठीचा आग्रह धरतात, स्वतःचा हेल मुलासमोर दाबतात, आणि मग आजीशी बोलताना मूल परक्यासारखं वाटतं म्हणून हळहळतात. पाठ्यपुस्तकाची मराठी शाळा देईल, दूरदर्शन देईल. गडहिंग्लजचं बोलणं फक्त तुम्हीच देऊ शकता. घरात मोकळं बोला, चारचौघांत फोनवर बोलता तसं नको.

तुमच्याच पट्ट्यातलं एक उदाहरण भाषाशास्त्राच्या वर्गात जगभर शिकवलं जातं: सांगलीजवळचं कुपवाड. गंपर्झ आणि विल्सन ह्यांनी १९७१ मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. गावात जैनांच्या घरी कानडी, मुसलमानांच्या घरी उर्दू, शिवाय मराठी, थोडी तेलुगू. कामाधंद्यात सगळे एकमेकांच्या भाषा वापरत, आणि शतकानुशतकं हे चालल्याने तिन्ही मोठ्या भाषांची वाक्यरचना इतकी सारखी झाली की शब्दाला शब्द बदलला की भाषांतर तयार. पण घरातले शब्द कुणी सोडले नाहीत. घर वेगळं, तर घरची भाषा वेगळी. शेजाऱ्याची भाषा रोज बोलल्याने स्वतःची जाते, ही भीती कुपवाडने कधीच खोटी ठरवली आहे. घरची भाषा जाते ती घरात तिचं काम संपतं तेव्हा. तुमच्या घरात मराठी कशासाठी वापरली जाते ते एक आठवडा बघा. "जेव, झोप, मोबाइल ठेव, अभ्यास झाला का" एवढ्यासाठीच असेल, आणि गप्पा, विनोद, क्रिकेट, शंका, भांडणं हिंदी-इंग्रजीत होत असतील, तर कोकणीवर बंदी घालून काही उपयोग नाही.

म्हणून बंदी नको. बंदीचा परिणाम मी वर्गात पाहिला आहे. एका मुलाच्या वडिलांनी घरात कोकणीला मनाई केली होती. पोरगा घरात बोलेनासा झाला, मराठीतही.

इथे मला थोडं आडवळण घेऊन दुसऱ्या मुलांबद्दल बोलायचं आहे, कारण भाषा आणि ओळख म्हटलं की मला तुमच्या मुलीआधी तीच आठवतात. गोव्यातल्या कित्येक सरकारी मराठी प्राथमिक शाळांचे वर्ग आज बाहेरून आलेल्या कष्टकऱ्यांच्या मुलांनी भरलेले आहेत. गोमंतकीय घरं इंग्रजी माध्यमाकडे गेली. २०११ पासून त्या शाळांच्या अनुदानावरून मोठा वादही झाला. मराठी शाळा बंद पडायची वाचली ती विजापूर-बागलकोटकडच्या, झारखंडच्या, बिहारच्या मुलांमुळे. मराठीवादी भाषणांत हे कुणी सांगत नाही. बैनाजवळच्या वर्गातलं एक लमाणी मूल घ्या. आईशी लमाणी, वस्तीतल्या वडीलधाऱ्यांशी कानडी, गल्लीत हिंदी, दुपारी आईबरोबर कामावर गेलं की कोकणी, आणि बाईंसमोर मराठी. पाच भाषा. ह्या मुलाला आम्ही "कच्चं" म्हणत होतो, कारण त्याला जोडाक्षरं येत नव्हती.

प्रवेश अर्जावर मातृभाषेसाठी एक रकाना. बाप म्हणायचा कानडी, कारण लमाणी सांगितली तर समोरच्याचा चेहरा बदलतो हे त्याला अनुभवाने माहीत. गुरुजी घाईत असले तर शाळेचं माध्यम तीच मातृभाषा लिहून मोकळे. राज्यघटनेचं ३५०क कलम सांगतं की भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी. पण लमाणीतून शिकवणारा शिक्षक आणायचा कुठून? प्रशिक्षणात आम्ही एवढंच सांगायचो: निदान वर्गात ती भाषा ऐकू येऊ द्या. गोष्ट सांगताना "तुझ्या घरात ह्याला काय म्हणतात?" असं विचारा. पहिल्यांदा मूल खाली बघतं. मग एक जण हळूच सांगतो, आणि पाठोपाठ चौघं सांगतात. अशा मुलाला पुढे "तू कुठला?" असं विचारलं की ते म्हणतं, वास्कोचा. जिल्हा नाही, राज्य नाही, जात नाही, भाषाही नाही. शहराचं नाव. मला ते उत्तर फार शहाणपणाचं वाटतं, आणि तुमची मुलगीही कदाचित तेच देईल. विचारून बघा.

आता कामाचं. तुम्ही स्वतः कोकणी बोलायला लागा. समजते म्हणजे येते असं धरू नका. सुरुवातीला एक विचित्र अनुभव येईल: तुम्ही मोडक्या कोकणीत विचाराल आणि समोरचा हिंदीत उत्तर देईल. गोव्यात सेवेच्या धंद्यातल्या माणसाला परका उच्चार ऐकला की जीभ आपोआप हिंदीकडे वळवायची सवय लागली आहे. बहुतेक जण तिथेच सोडून देतात आणि "ते आपल्याला घेत नाहीत" असं म्हणतात. हसून "कोंकणींत उलयात, हांव शिकतां" (कोकणीत बोला, मी शिकतोय) एवढं म्हणा. दहातले आठ जण खूश होतात आणि मग तुमची चूक दुरुस्त करण्यात त्यांना गंमत वाटू लागते. उरलेले दोघे कुणाशीच नीट बोलत नसतात. कंपनीत हे जमणार नाही, तिथे हिंदी-इंग्रजी चालते. पावाच्या पोदेराकडे, गॅरेजमध्ये, पंचायतीत नाहीतर नगरपालिकेत जमेल.

मुलीकडून शब्द शिका, उच्चार विचारा, हरकत नाही. तिलाही शिकवण्यात मान वाटेल. पण तिला दुभाषी करू नका. घरमालकाशी भाडं ठरवताना, डॉक्टरशी आजीच्या दुखण्याबद्दल बोलताना, शेजाऱ्याशी भांडण मिटवताना मुलीला पुढे करणारे पालक मी पाहिले आहेत. मोठ्यांच्या अडचणी लहान वयात कानावर पडतात हा एक तोटा. दुसरा असा की बापाला बोलता येत नाही हे मुलाला रोज दिसतं, आणि बारा-तेराव्या वर्षी ते बापाच्या भाषेचीच लाज बाळगू लागतं. मराठी जाण्याचा हा रस्ता कोकणीच्या रस्त्यापेक्षा किती तरी जवळचा आहे.

शाळेत विषय कोणता? माझ्या काही कोकणीवादी मित्रांना हे आवडणार नाही, पण तुमच्या बाबतीत मी मराठी घ्या म्हणेन. कारण तुम्हीच लिहिलंय की घरात मोबाइलपलीकडे कुणी काही वाचत नाही. बोललेली कोकणी तिला गल्ली देते आहे, भरपूर आणि फुकट. वाचायची-लिहायची मराठी कानाने येत नाही, ती कुणी तरी बसून शिकवावी लागते, आणि तुमच्या घरात तो माणूस नाही. लिपी एकच असल्याने मराठी वाचायला आली की "भांगरभूंय"सारखं कोकणी दैनिक ती अडखळत का होईना वाचू लागेल. तुम्ही रोज रात्री तिच्याबरोबर मराठी पुस्तक घेऊन बसणार असाल, तर मात्र सल्ला उलटा: शाळेत कोकणी घ्या. पुढे गोव्यात सरकारी नोकरीचा विचार केला तर १५ वर्षांच्या रहिवासी दाखल्याबरोबर कोकणीचं ज्ञान आवश्यक असतं, मराठी आल्यास बरं एवढंच. हा हिशेब तिसरीतल्या मुलीसाठी आत्ता मांडू नका, पण माहीत असू द्या.

आणि एखाद्या गावच्या जत्रेला तिला रात्री नाटकाला न्या. कोकणीत गप्पा मारणारे गावकरी तोंडाला रंग लावून मराठी नाटक करतात, पदं म्हणतात, विंगेत पुन्हा कोकणीत भांडतात. दोन भाषा एका माणसात कशा नांदतात हे तिला समजावून सांगावं लागणार नाही.

शेवटचा प्रश्न जनगणनेचा. आजवरच्या जनगणनेत मातृभाषेची व्याख्या अगदी शब्दशः आहे: लहानपणी आई मुलाशी ज्या भाषेत बोलली ती. प्रगणकाने सांगाल ते लिहायचं असतं, मग वर्गवारी दिल्लीत होते, आणि ती वर्गवारी मोठी मजेशीर असते. लमाणी सांगितली तर ती हिंदीखाली मोजली जाते. सिंधुदुर्गातला माणूस अभिमानाने मालवणी म्हणाला तर तो कोकणीच्या खात्यात जातो. २०११ ला गोव्याच्या १४ लाख ५८ हजार लोकांत कोकणी सुमारे ६६ टक्के, मराठी सुमारे ११, हिंदी १० आणि कन्नड साडेचारच्या वर अशी नोंद आहे. त्या ११ टक्क्यांत तुमच्यासारखे आलेले किती आणि घरात कोकणी बोलून मराठी सांगणारे गोमंतकीय किती, हे त्या आकड्यात दिसत नाही. माझ्या माहेरी एकाच आईच्या दोन मुलांनी दोन वेगळ्या भाषा सांगितलेल्या आहेत.

तुमच्या मुलीच्या नावापुढे व्याख्येप्रमाणे मराठी येईल, त्यात संशय नको. त्याशिवाय येणाऱ्या आणखी दोन भाषा नोंदवता येतात. पहिली कोकणी सांगा. ती तिची आहे आणि तुमच्या घरात ती नोंदवण्याचा हक्क सध्या तिला आणि तिच्या आईलाच आहे. दुसऱ्या जागेसाठी हिंदी की इंग्रजी हे तिलाच विचारा, कारण दोन्ही लिहायला तिथे जागा नाही.